अर्थ लागत नाही

तीस वर्षं अस्मराच्या शाळेत
मी ओहमचा नियम शिकवला.
फळ्यावर माझं एकही सर्किट कधी बंद पडलं नाही.
खडूच्या बॅटरीतून खडूचा प्रवाह निघायचा
आणि खडूचा दिवा लागायचा.

आणि ही माझी फियाट सहाशे.
सिन्योर बेल्त्रामे गाशा गुंडाळून तुरिनला गेला तेव्हा
थकलेल्या पगाराच्या बदल्यात
वडिलांच्या गळ्यात पडलेली,
साईच्या रंगाची, गोल बुडाची.
हिला डावीकडे वळायचं सांगावं
तर हिचे वायपर हलतात.
ब्रेक दाबला की आतला दिवा डोळे मिचकावतो.
भोंगा दाबावा तर मौनव्रत,
आणि रात्री दोन वाजता, अंगणात एकटीच असताना,
गळा काढते.
बाशाय तेवेल्दे खिडकी उघडून विचारतात,
“मास्तर, कोण गेलं?”
मी लेंग्यावर धावतो, बॅटरीची तार उपटतो.
लेतेब्रहान पांघरुणातून म्हणते,
“माझ्या हाकेला कधी इतके लगबगीने उठला नाहीत.”

फ्यूज म्हणजे दुधाचे दात,
सगळे हलणारे.
बोटाने जरा फिरवले की उजव्या बाजूला उजेड पडतो
आणि डाव्या बाजूचा जातो.
बोलोन्याहून भाचा फिलमोन येतो
तेव्हा त्याच्या बुटात चार फ्यूज, मोज्यात एक रिले.
बाकीच्यांसाठी तो अत्तरं आणतो.

शेवटी उक्बाझ्गीला बोलावलं.
पदार्थविज्ञानात मी त्याला नापास केला होता. दोनदा.
तो हे विसरलेला नाही,
पण पैसे मात्र घेत नाही, फक्त कॉफी,
तिसऱ्या वाफेपर्यंत बसून.
जुन्या दिव्याला दोन तारा बांधून केलेलं त्याचं यंत्र
गाडीच्या अंगाला इथे लावलं, तिथे लावलं,
मग मान हलवून म्हणाला,
“सर, अर्थ लागत नाहीये.”

मला वाटलं, टोमणा.

त्याने मागच्या दिव्यामागचा एक स्क्रू दाखवला,
गंजून तपकिरी झालेला.
“वीज निघते बरोबर, सर. निघायचं तिला कळतं.
परतायची वाट बुजली
की दिसेल त्या दारात शिरते,
वायपरच्या, भोंग्याच्या, कुणाच्याही.”
आणि खिशातल्या एका नाक्फाच्या नाण्याने
तो गंज खरवडत बसला.

मी कॉफी आणायला आत गेलो.
आमचा धाकटा आधी सुदानमध्ये होता,
मग लिबिया, मग मिलानोहून एक फोन,
मग अशा एका गावाहून, ज्याचं नाव
लेतेब्रहानने पंचांगाच्या मागे लिहून ठेवलंय
आणि आम्हा दोघांनाही ते वाचता येत नाही.
किटलीला उकळी फुटली होती.
मी जरा वेळ तिथेच उभा राहिलो.

संध्याकाळी गल्लीतली वीज गेली, नेहमीसारखी.
बाहेरून उक्बाझ्गी ओरडला, “सर, दाबा!”
मी बटण दाबलं,
आणि आठ महिन्यांनी
दोन्ही हेडलाइट एकदम लागले,
समोरच्या बेकरीची भिंत
कुणी पडदा ओढावा तशी उघडी पडली.
पोरं आली. बाशाय तेवेल्दे खुर्ची घेऊन आले.
इंजिन चालू ठेवावं तर पेट्रोल कूपनचं,
बंद करावं तर बॅटरी जाईल,
मी हा हिशेब मनात मांडत होतो
तेवढ्यात लेतेब्रहान उजेडात उतरली,
एकसष्ट वर्षांची,
पदर सारखा केला आणि बोटं जुळवून
भिंतीवर उंट चालवला.
उंटाने मान वळवली. जांभई दिली.
पोरं खिदळली. मग ससा. मग ज्याला नाव नाही असं काहीतरी.

डॅशबोर्डवरचा लाल दिवा लुकलुकू लागला.
मी त्याच्यावर अंगठा ठेवला.