अभ्यासिकेत लाईट गेल्यावर

सदाशिव पेठेत 'काय वाचतेयस?' असं विचारलं
तर उत्तर एका शब्दात द्यायचं असतं :
पॉलिटी. इकॉनॉमी. करंट.
विचारणाऱ्याला पुस्तक नको असतं,
आपण त्याच्या किती पुढे आहोत, एवढंच.

तिसऱ्या मजल्यावर एकशे दहा खुर्च्या,
महिना बाराशे, लॉकरचे वेगळे.
माझी त्रेचाळीस, खांबाला लागून,
जिथे पंख्याचा वारा पोचत नाही, फक्त आवाज पोचतो.

मेमधल्या एका रात्री पावणेदोनला लाईट गेली.
इन्व्हर्टर चारदा कण्हला आणि गप्प झाला.
आम्ही पाचजण जिन्यात येऊन बसलो.
रेवणसिद्धनं मोबाईलचा टॉर्च छताकडे धरला, म्हणाला,
"सध्या काय वाचताय? खरं सांगा."

त्या 'खरं'वर कुणीच काही बोलेना.

मग मिनाझ. "मधमाश्या," म्हणाली.
डेक्कनच्या फुटपाथवर वीस रुपयांना मिळालेलं,
पहिली सोळा पानं नाहीत,
त्यामुळे नाव विचारू नका.
"राणीमाशी म्हातारी झाली की
तिच्याच कामकरणी तिला घेरून बसतात,
इतक्या दाट, की ती उकडून मरते."
उदगीरला तिच्या घरी कुणी मध काढत नाही,
तिला स्वतःला माशीची भीती वाटते.
तरी रोज दोन पानं,
जुन्या कॅलेंडरचं कव्हर घालून, भूगोल म्हणून.

कालिंदा पाककृती वाचते.
मेसची पाणीदार आमटी जेवून आली
की पलंगावर आडवी होऊन भरली वांगी, पान ब्याण्णव.
"तीळ भाजून घ्या, रंग बदलू देऊ नका,
इथवर आलं की झोप लागते बघा."
आम्ही हसलो. वरून कुणीतरी ओरडलं, शांतता राखा.
अंधारातही पाटी बोलते इथं.

यशपाल गोंदियाचा, पुस्तक विकत घेत नाही.
अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानात
उभ्यानं वाचतो, दिवसाला अकरा पानं,
खुनी कोण ते अजून कळलेलं नाही.
मालक चष्मा पुसत दुसरीकडे बघतो.
परवा गेला तर पुस्तक जागेवर नव्हतं.
"पायच गळाले माझे."
मालकानं न बोलता गल्ल्याखालून काढून दिलं,
एकशे शहात्तराव्या पानात
दुकानाची कोरी पावती खुणेला घालून.

रेवणसिद्धनं स्वतःचं सांगायला वेळ घेतला.
एक कादंबरी. तीन वर्षं झाली.
"शेवटची सात पानं राखून ठेवलीत. पोस्ट निघाली की."
येत्या मार्चला त्याचं वय संपतंय,
हे जिन्यातल्या सगळ्यांना माहीत होतं.
मिनाझ म्हणाली, "सात पानं म्हणजे वीस मिनिटं रे."
त्यानं टॉर्च बंद केला.

मी म्हटलं, काही नाही, पॉलिटीच.
खोटं नव्हतं ते.
रद्दीतून किलोवर घेतलेलं जाड पुस्तक,
समासात आधीच्या मालकाची बारीक पेन्सिल :
'कलम ३२ पुन्हा बघ.'
'दूध दोन रुपयांनी वाढलं.'
'आईचा फोन. उचलला नाही.'
'आज ताप. तरी चाळीस पानं.'
कलमं सोडून मी तेवढंच वाचत जाते.
तीनशे बारानंतर समास कोरे.
पास झाला, की गावी गेला,
की नुसती पेन्सिल संपली?

लाईट आली. पंखे एकदम सुटले.
ज्याच्या त्याच्या नंबरवर जाऊन बसलो.

सकाळी कूलरपाशी बाटली भरताना रेवणसिद्ध भेटला,
डोळे लाल.
"काय वाचतोयस?"
"इकॉनॉमी."
बाटली भरून वाहायला लागली तरी त्यानं नळ बंद केला नाही.
"ती संपली रात्री," म्हणाला. "शेवट साधाच आहे."

वर येऊन मी तीनशे तेरावं पान उघडलं
आणि समासात लिहिलं :
'पावणेदोन ते अडीच लाईट नव्हती.'