अर्धं सूत

रस्ता रुंद झाला तेव्हा अक्कलकोट रोडची चिंच पडली.
तिची फळी दोन उन्हाळे वाळली आमच्या शेडमध्ये
आणि पीळ धरून बसली:
तीन कोपरे टेकतात, चौथा अधांतरी.
त्याच्याखाली पाचर सारतो.

शेड लूमची. लूम गेले भंगारात, किलोवर.
दोन अँगल तेवढे मी ठेवून घेतले.
त्यांच्यावर आता राउटरची गाडी सरकते
इकडून तिकडे, तिकडून इकडे,
पोटात चाळीस एमएमचं पातं.
धोट्याचीच चाल. फक्त मागे कापड उरत नाही,
भुसा उरतो,
भुवयांवर, भाकरीवर, अण्णांच्या चष्म्यावर.

एका वेळी अर्धं सूत काढायचं.
जास्त हाव केली की लाकूड जळतं.
ओठ वाचून अण्णा हसले होते:
सूत कुठं अर्धं असतं रे?
तुटलं तर आम्ही गाठ मारायचो.

परवा आतून एक खिळा निघाला,
कुणाच्या तरी जुन्या पाटीचा.
ठिणगी. सातशेचं पातं गेलं.

आज शेवटचा हात. पट्टी उभी धरली,
खालून उजेड कुठंच दिसेना.
मशीन बंद केलं.

चाळीस वर्षं लूमपाशी कान घालवलेले अण्णा
खुर्चीतून उठले,
ठाण तपासायचे तसा तळवा फिरवला फळीवरून, डोळे मिटून,
मधेच थांबले.
"इंका उंदि."

मी पुन्हा पट्टी लावत नाही.
पिन खोचतो.