डावा पीळ

शर्यत संपली की धुरळा खाली बसायच्या आत
मी पक्कड घेऊन उतरतो.
चषक, फोटो, पेढे तिकडे.
इकडे वाघोलीच्या पुढं, माळावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये
अकरा इंजिनं, अजून चटका देणारी,
आणि मी.

बोल्टच्या डोक्याला आरपार भोक, दाभणाच्या नेढ्याएवढं.
त्यातून तार ओवायची, हेडवरून सिलिंडरला,
सिलिंडरवरून क्रँककेसला,
मग पीळ, मग शिशाचा मणी,
पक्कड करकचून दाबली की मण्यावर आकडा उमटतो.
वहीत आकडा. चालकाची सही. माझी सही.
आता पुढच्या फेरीपर्यंत हे पोट कुणी उघडायचं नाही.
उघडायचंच झालं तर मला बोलवायचं,
माझ्यासमोर तार तोडायची.

बावीस वर्षं मी रिक्षांच्या मीटरना शिसं लावलं.
पुण्यात हे सांगितलं की लोक हसतात.
हसू देत. मीटर खरेच होते.
‘तिकडं नाही जायचं’ ह्या वाक्याला सील ठोकायची
सोय खात्याकडे नव्हती.

तार कसली अडवतेय कुणाला!
दातानं तुटेल.
तिचं काम एवढंच, की मागं कुणी येऊन गेलं
तर ते तिनं सांगावं.
आणि ती सांगते कशी, हे मी
आजवर कुणाला सांगितलेलं नाही,
क्लबच्या दस्तूरसाहेबांनाही नाही:
मी डावखुरा. शाळेत त्यापायी रूळ खाल्ले.
माझा पीळ उलटा पडतो.

दुसऱ्या फेरीला सात नंबरची गाडी आली, नाना पेठेतली.
चालक जोएल गायकवाड, मिशी नुकती फुटलेली.
मिस्त्री इलियास तांबोळी.
शिसं बरोबर. आकडा बरोबर, ४१८६.
ठसा घरी कोरलेला असणार,
त्यातला चार माझ्या चारापेक्षा सुबक.
मण्याला धूळसुद्धा चोळलेली, तीन आठवड्यांची.
पण पीळ उजवा.

इंजिन उघडलं. बोअर मापला, कॅम मापला,
झडपा काढून तराजूत घातल्या.
सगळं कंपनीनं दिलं तसं.
केसाइतकी चोरी नाही.
फक्त एक गॅस्केट नवं, निळं, करकरीत.

इलियास म्हणाला, तेल पाझरत होतं.
रात्रीचा दीड वाजला होता, साहेब.
तुम्हाला कसं उठवायचं?

दीड वाजता मी जागाच असतो.
मंदाकिनी गेल्यापासून असतो.
पण हे काही नियमपुस्तकात नाही,
तिथं लिहिलंय: सील तुटलं, फेरी बाद.
मी तसं लिहिलं.
जोएलनं काही न बोलता
गाडीवरचा सात नखानं खरवडून काढला,
अर्धा निघाला, अर्धा राहिला.
इलियासनं एवढंच विचारलं, कळलं कसं?
मी पक्कड पुसत राहिलो.

ऑक्टोबरात फोन वाजला. एक चाळीस.
‘साहेब, पाझरतंय.’
स्वेटर चढवला, स्कूटर काढली,
येरवड्याच्या पुलावर एक कुत्रं सोडलं तर कुणी नाही.
नाना पेठेत सगळी शटरं खाली, एकच अर्धं वर.
ट्यूबलाईटखाली तार तोडली, माझ्यासमोर, नियमानं.
इलियासनं गॅस्केट बदललं,
जोएल पोत्यावर बसल्या बसल्या झोपला.
मग चहा, मग तार.

मी पीळ द्यायला लागलो
आणि इलियास चष्मा कपाळावरून खाली ओढून
माझ्या हातांकडे बघू लागला.
मण्याकडे नाही. हातांकडे.
मग हळूच हसला,
आणि काहीच बोलला नाही.

मी सही केली, त्यानं सही केली.
घरी आलो तेव्हा दूधवाले निघाले होते.
पुढच्या फेरीला पीळ कुठल्या हातानं द्यायचा
ते अजून ठरलेलं नाही.
स्वयंपाकघरात तारेचा तुकडा घेऊन
उजव्या हातानं करून बघतोय.
जमत नाही.