पूर्ण तिकीट

सिंदी रेल्वेच्या बाजारात
गोणपाटावर पाच बरण्या बसल्या होत्या.
खाली पांढरं धोतर, वर तपकिरी बंडी,
पंगतीची वाट पाहणारी
पाच म्हातारी माणसं जशी.
शेजारी लाल झाकणांचे प्लास्टिकचे डबे,
आरपार दिसणारे, तरणेताठे.

पंचफुला म्हणाली,
"एका बरनीमांगं दोन डबे देतो मी, बाई.
लोकं खुशीनं देते.
सुना म्हनते, जड हाये, हातातून सुटते.
अन् मंग तुमच्यासारखे येते, शोधत."

मी टिचकी मारून पाहिली.
एक खणखणली. एक भद्द बोलली.
तिसरीच्या पोटावर निळा शिक्का,
अर्धा पुसलेला,
जहाज होतं की बैल, कळेना.
"जुनी आहे का खरंच?"
"मले काय माईत?
माह्याहून मोठी हाये.
माह्याहून मोठं ते समदं जुनंच."

अठराशे म्हणाली. मी अकराशे.
तेराशेवर तुटलं,
वर माझी कापडी पिशवी तिनं मागून घेतली.

सेलूच्या एसटीत मांडीवर घेऊन बसले.
कंडक्टर म्हणाला, "लोनचं हाये का?"
"नाही. रिकामी आहे."
त्यानं बरणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
अर्धं तिकीट फाडावं की नाही
अशा विचारात.

हॉलच्या भिंतीत तिच्यासाठी कोनाडा होता,
वर पिवळा दिवा.
हेमराज म्हणाले, "तेराशेत मिक्सर दुरुस्त झाला असता,"
आणि स्वतःच तिला फिरवून
कानाचा टवका भिंतीकडे केला.

पोळ्याच्या आठवड्यात हवा दमट झाली
आणि बुडाशी, जिथे झिलई नव्हती,
पांढरी लव उगवली.
पुसली. तिसऱ्या दिवशी पुन्हा.
कोनाड्याचा रंग खपलीसारखा सुटू लागला.

मी अकरावीला रसायनशास्त्र शिकवते.
सच्छिद्रता, केशाकर्षण, स्फटिकीकरण:
फळ्यावर हे सगळं निमूट वागतं.
बरणी चार दिवस बादलीत बुडवून ठेवली,
रोज पाणी बदललं,
ते पाणी कढीपत्त्याला घातलं.
कढीपत्ता गेला.
मीठ येतच राहिलं.

पुढच्या बाजाराला विचारलं,
"कोणाच्या घरची होती ही?"
"चार गावचा माल, बाई. सेलडोह, पळसगाव...
ध्यानात नाही राहत.
एक बाई तेवढी ध्यानात हाये.
देतानी आतून पुसत होती पदरानं.
मी म्हटलं, राहू द्या, मी धुतो.
तरी पुसत होती.
हात पार कोपरापर्यंत आत."
"हीच का ती बरणी?"
"आता ते कसं सांगू?
बरनीकडं कोन पायलं?"

त्या रात्री सगळे झोपल्यावर
बुडाशी बोट फिरवलं आणि जिभेवर ठेवलं.
मीठ.
मिठाच्या मागे थोडी मेथी,
किंवा माझा भास.
सोडियम क्लोराईड म्हणायला
जीभ वळली नाही.

आता तिच्याखाली
सहामाहीच्या जुन्या उत्तरपत्रिका घालते,
महिन्याला बदलते.
शाई फुटून गेलेली असते,
कोणाचे किती मार्क, वाचता येत नाही.
दिवा लावत नाही.
पाहुणे विचारतात, कुठून घेतली, केवढ्याला,
आत काही ठेवता का?
पहिल्या दोनांची उत्तरं देते.

परवा तीच एसटी, तोच कंडक्टर.
माझ्या हातात फक्त वह्यांचा गठ्ठा.
ओळखलं नाही त्यानं.
तोंडावर आलं होतं, म्हणावं,
दादा, त्या दिवशीचं एक तिकीट राहिलंय.
पूर्ण.