बीडाची पूड

पहिल्या रविवारी मला वाटलं, गेले कान.
एकतीस वर्षं उद्यमनगरात लेथसमोर काढल्यावर
ते कधीतरी जाणारच होते,
म्हणून घरात काही बोललो नाही.
समोर लॅपटॉपवर तवनाप्पाचे ओठ हालत होते,
होसूरला, मुलाच्या फ्लॅटमध्ये, त्याच्या डोक्यावर पंखा फिरत होता,
आवाज तेवढा नव्हता.
मी मान डोलावली.
बहिऱ्याला मान डोलवायला कुणी शिकवावं लागत नाही.

त्यानंच ओळखलं.
अंगठा ओठाशी नेला: चहा झाला?
मी तळहात उलटा केला: अजून नाही.
शॉपवर आमचं सगळं असंच चालायचं.
तीन लेथ, एक शेपर, भिंतीपलीकडं भट्टीचा ब्लोअर,
तिथं तोंडानं बोलायला जाईल तो खुळा.
मनगट मोडल्यासारखं केलं की टूल तुटलं.
कपाळावर दोन बोटं, म्हणजे पार्टीचा माणूस आलाय, तंबाखू थुंक.
असे तीन रविवार गेले.
खरं सांगतो, बरे गेले.

मग सून म्हणाली, "मामा,
बातम्या तेवढ्या बरोब्बर ऐकू येतात तुम्हाला."

राजारामपुरी, सातवी गल्ली, जिन्याखालचं दुकान.
शमीम शिकलगार.
आजोबा दारोदार सुऱ्या-कातरींना धार लावायचे,
हिच्या चष्म्यावर भिंग चढवलेलं.
तिनं हेडफोन लावून बघितला. त्यात आवाज होता.
"बोर्ड जित्ता हाय," म्हणाली, "गळा बसलाय नुसता."
मग दहा स्क्रू काढले,
आणि ज्या जागेचा स्क्रू त्या जागी
कागदावर आखलेल्या चौकोनात ठेवला.
मला ती तेवढ्यावरच पटली.

स्पीकर कसला, बोटाचं पेर.
चिमट्यात धरून उजेडाकडं नेला आणि हसली.
"काका, ह्यो दिवसभर कुठं असतोय?"
लेथशेजारी. बिलं करायला.
"ह्यात लोहचुंबक असतंय."
पुढचं तिला सांगावं लागलं नाही.
जाळीतून कण-कण आत शिरून
त्या पातळ कातड्यावर काळी दाढी उगवली होती.
मी समोर बघून लोखंड कापत होतो
आणि ते माझ्या पाठीमागं इथं येऊन बसत होतं,
न विचारता, वर्षानुवर्षं.

डावा तिनं चिकटपट्टी दाबून-दाबून साफ केला.
उजव्याची कॉइल जळाली होती,
भंगारातल्या कुणाचा तरी काढून बसवला.
ती पट्टी टाकू नकोस, म्हटलं.
तिनं ती बिलालाच डकवून दिली.
साडेचारशे रुपये, खाली काळा पट्टा.

चौथ्या रविवारी "काय रं" असा आवाज आला
आणि मी दचकलो.
सव्वीस वर्षांच्या भागीदारीत
हा माणूस इतक्या जवळून कधी बोलला नव्हता.
घसा खरखरीत. दोन शब्द झाले की दम.
हातांनी हे सांगितलं नव्हतं.
कधीपासून, मी विचारलं.
"दिवाळीपासनं. आठवड्यातनं तीनदा सुया टोचत्यात,
रगत धुत्यात."
मग थोड्या वेळानं,
"त्येला आपल्याकडं खूण न्हवती."

मला काही सुचेना. मी बिल उचलून कॅमेऱ्यासमोर धरलं.
तो पुढं झुकला, चष्मा कपाळावर सारला,
दुसरं सगळं विसरला.
"पोलाद न्हाई ह्ये. पोलादाची सुरळी निघती.
ही बीडाची पूड. पंपाच्या बॉडीचं काम.
पाळी कुणाची व्हती?"

तुझी, म्हटलं.

तो हसला.
डावीकडून नीट,
उजवीकडून जरा फुटका.