अर्धी बंदूक

इतवारीत, सराफा ओळीच्या मागे,
तय्यबअली मिस्त्री डोळ्याला भिंग लावून
पोहणकरांची एकनळी न्याहाळतात.
वाटणीत कुंदा यांना आला, नळी थोरल्याला.
ही नळी दुसरीच, भंडाऱ्याहून आणलेली.
बिजागरीत बसते. खटकाही लागतो.

रिकाम्या काडतुसावर चाप ओढला.
टक.
टोपीवर खळगा पडला, पण कडेला,
घाईत भुवईवर सरकलेल्या कुंकवासारखा.

"पिन जराशी घासून देता का?"
"पिनीचं काही चुकलं नाही जी.
केसाएवढा फरक आहे.
केस म्हणजे इथं बहुत झालं."

बाहेर उन्हानं पत्रे तडतडतात.
मिस्त्री चिठ्ठीवर लिहितात : अर्धी. परत.
आणि फोन पुढे सरकवतात,
"थोरले कुठी राहतात? सक्करदऱ्यातच ना?"