घोळ

शनिवारची रात्र, बॅलार्ड इस्टेट,
तिसऱ्या मजल्यावर मी आणि एक निळी पट्टी.
पट्टी सत्त्याऐंशी टक्क्यांपर्यंत येते, थबकते,
मग मागे फिरते, मांडलेलं सगळं आवरते
आणि कळवते : इन्स्टॉलेशन अयशस्वी.
पाचव्यांदा.
किती नीटनेटकं हे माघारी जाणं,
पाहुण्याने उंबऱ्यावरूनच परतावं
आणि जाताना आपल्याही चपला सरळ करून जावं.

फायरवॉल उघडली. अँटीव्हायरसला झोपवलं.
पोर्ट मोकळं आहे का, दोनदा पाहिलं.
पासवर्ड एकेक अक्षर मोठ्याने म्हणत टाइप केला,
वॉचमन शिवपूजनला वाटलं मी जप करतेय.
दोन यंत्रांच्या घड्याळांत चार मिनिटांचा फरक होता,
तोही मिटवला.
चार मिनिटांनी काय बिघडतं असं विचारणाऱ्याने
कधी दोन सर्व्हरांमध्ये अंतरपाट धरलेला नसतो.

शेवटी लॉग. चार हजार ओळी,
त्यातल्या तीन हजार नऊशे ‘सर्व ठीक’ म्हणणाऱ्या.
आणि मध्येच, आवाज न चढवता, एक :
‘घोळ’ या नावाचा सर्व्हर नेटवर्कवर आधीच आहे.

आमच्याकडे सर्व्हरांची नावं माशांची.
विजयकरांनी ठेवलेली, माझ्या आधी इथे ते होते.
हिशेब रावसावर, मेल हलव्यावर,
प्रिंटरांची सगळी किरकिर मांदेलीवर.
कपाटाच्या दारामागे त्यांच्या अक्षरातली यादी आहे,
तिच्यात घोळ पेन्सिलीने खोडलेला,
म्हणून तर ते नाव मी नव्याला दिलं.

हाक मारून पाहिली.
चार पाकिटं गेली, चार परत आली,
एका मिलिसेकंदाच्या आत.
म्हणजे इथेच. याच मजल्यावर.

केबल हातात धरून निघाले :
सर्व्हे खात्यातून, काचेतल्या जहाजाच्या खालून,
पाण्याच्या फिल्टरमागून,
टायपिस्ट बायकांच्या जुन्या खोलीत.
मोडक्या खुर्च्या. पत्र्याची ट्रंक. ट्रंकेमागे
झाकण नसलेला एक डबा, लोकरीएवढी धूळ पांघरलेला,
आणि एक हिरवा दिवा.

साडेअकराला विजयकरांना फोन. मागे टीव्ही.
“घोळ? अहो, त्याला भंगारात काढला होता.
न्यायला कुणी आलंच नाही का?”
मग जरा थांबून,
“रात्री दोनला उठायचा तो.
अजून उठतो?”

मॉनिटर जोडला.
शेवटची नोंद कालची, दोन वाजताची.
त्याच्या आदल्या दिवशीची. त्याच्या आदल्या.
अकरा वर्षं, कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही,
क्लेम खात्याची रोजची नक्कल हा उतरवून घेत होता.

क्लेम खातं.
मार्चमध्ये त्यांची डिस्क गेली तेव्हा
मीच सही केली होती पत्रावर :
सर्व प्रयत्न केले, माहिती परत मिळू शकत नाही.
सर्व प्रयत्न.
कांडल्याच्या आसनानींचा तांदूळ भिजला होता,
पुरावा आमच्याकडे होता, आमच्याकडून गेला,
त्यांचा दावा फेटाळला गेला.

फोल्डर उघडलं.
दोनशे बारा फोटो.
ओली पोती, पोत्यांवर पट्टी धरलेला कुणाचा तरी हात,
काळे पडलेले दाणे एका तळव्यावर.
सगळे उघडतात.

नव्या सर्व्हरचं नाव बदलून मोरी ठेवलं.
निळी पट्टी सत्त्याऐंशी ओलांडून
काहीच घडलं नसल्यासारखी शंभरावर गेली.
मी तिच्याकडे पाहतही नव्हते.

“मॅडम, झालं काय?” दारातून शिवपूजन.
घोळ आहे, म्हटलं.
तो मान हलवून गेला. इथे तर रोजच असतो.

दोन वाजता आतल्या खोलीतला पंखा घरघरला,
दिवा भराभर लुकलुकू लागला.
स्क्रीनवर माझं पत्र :
प्रिय श्री. आसनानी,
आमच्या मार्चच्या पत्रात एक चूक
‘चूक’ खोडलं.
दुसरा शब्द लिहिला, तोही खोडला.
आता एवढंच आहे :
आमच्या मार्चच्या पत्रात